वऱ्हाडचे गहाण आणि रुळांची हमी

यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यात, दारव्ह्याहून यवतमाळकडे जाणाऱ्या वाटेवर बोरी अरब हे गाव आहे. काळी कसदार जमीन आणि तीत पिकणारा कापूस ही या मुलखाची जुनी ओळख. मूर्तिजापूरहून निघून कारंजा, दारव्हा मोतीबाग अशी स्थानके घेत यवतमाळला पोहोचणारी नॅरोगेज आगगाडी याच मुलखातून जात असे. लोकांनी तिला ‘शकुंतला’ असे नाव दिले आणि तेच सर्वतोमुखी झाले. आज ती गाडी बंद आहे. परंतु तिच्याविषयीची एक गोष्ट अजूनही वऱ्हाडात सांगितली जाते आणि वर्तमानपत्रांतूनही वेळोवेळी छापून येते. ती अशी की, देश स्वतंत्र झाला तरी या मार्गाची मालकी कंपनीकडेच राहिली आणि भारत सरकार गाडी चालविण्यासाठी त्या कंपनीला पैसे मोजत राहिले.

ही गोष्ट ऐकून वाचकाला नवल वाटते आणि थोडा रागही येतो. पण राग क्षणभर बाजूला ठेवून विचारावयाचा प्रश्न वेगळाच आहे. एखादे सरकार परक्या भांडवलदाराला पैशाचा शब्द देते, तेव्हा तो शब्द पाळला जावा म्हणून त्याच्यामागे कोण उभे राहते? आणि तो शब्द मोडला तर त्याची किंमत कोण देते? गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे जगाने पाहिली आहेत. त्यांतील एक उत्तर तर प्रत्यक्ष वऱ्हाडच्या भूमीवरच लिहिले गेले.

थकबाकीपोटी गेलेला मुलूख

इंग्रजांच्या आधी वऱ्हाड हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता. १७९८ आणि १८०० सालच्या तहांनी निजामाने कंपनी सरकारची तैनाती फौज पत्करली. पुढे रेसिडेंटाच्या आग्रहाने आणखी एक फौज उभी राहिली. तिला ‘हैदराबाद कंटिंजंट’ म्हणत. अधिकारी इंग्रज, हुकूम रेसिडेंटाचा आणि पगार मात्र निजामाच्या खजिन्यातून, अशी तिची रचना होती. १८०० च्या तहातील कलमे युद्धकाळात द्यावयाच्या सैन्याविषयी होती. शांततेच्या काळातही ही खर्चिक फौज बारमाही पोसली पाहिजे असे त्यांत कोठेही नव्हते. तरीही ती पोसावी लागली. खजिना रिता होत गेला, पगार थकू लागले, आणि ते पगार कंपनी सरकार आपल्या पदरचे भरून निजामाच्या नावे कर्ज म्हणून मांडू लागले.

लॉर्ड डलहौसी गव्हर्नर-जनरल असताना ही थकबाकी मागण्याचा सूर कठोर झाला. निजाम नासिर-उद्-दौला याने काही रक्कम भरली, परंतु पगाराचा खर्च चालूच असल्याने कर्ज पुन्हा साचले. अखेर रेसिडेंट कर्नल लो याच्या दडपणाखाली २१ मे १८५३ रोजी निजामाने तहावर सही केली. वऱ्हाड, धाराशिवकडील मुलूख आणि रायचूर दुआब हे प्रदेश इंग्रजांच्या कारभाराखाली गेले. तेथील महसुलातून फौजेचा खर्च भागवावा आणि उरेल ते निजामाला द्यावे, असे ठरले. तहानंतर थोड्याच दिवसांत दिवाण सिराज-उल्-मुल्क मृत्यू पावला आणि त्याचा तरुण पुतण्या सालारजंग दिवाणपदी आला.

पुढची हकिकत अधिक बोलकी आहे. १८५७ च्या धामधुमीत हैदराबाद इंग्रजांच्या बाजूने राहिले, म्हणून १८६० च्या तहाने इंग्रजांनी सुमारे पन्नास लाखांचे कर्ज माफ केले आणि धाराशिव व रायचूर दुआब परतही केले. वऱ्हाड मात्र परत केला नाही. कर्ज फिटले, गहाण सुटले नाही! सालारजंगाने वऱ्हाडसाठी जन्मभर खटपट केली. १८७६ मध्ये तो इंग्लंडलाही जाऊन आला, परंतु पदरी निराशाच आली. ५ नोव्हेंबर १९०२ च्या कराराने लॉर्ड कर्झनने निजाम मीर महबूब अली खान याच्याकडून दरसाल २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतला. पुढच्याच वर्षी तो मध्यप्रांताला जोडण्यात आला. शेवटचा निजाम मीर उस्मान अली खान याने १९२३ मध्ये पुन्हा मागणी केली. तेव्हा १९२६ मध्ये लॉर्ड रीडिंगने उत्तर पाठवून बजावले की, सार्वभौम सत्तेशी संस्थानिकाने बरोबरीच्या नात्याने वाद घालावयाचा नसतो.

बोरी अरबसारख्या गावांतील शेतकऱ्याला या साऱ्या कागदपत्रांत कोणी विचारले नव्हते. त्याने कर्ज काढले नव्हते, फौज मागितली नव्हती. पण सारा मात्र तोच भरत होता. आधी निजामाच्या तालुकदाराला आणि नंतर इंग्रज कलेक्टरच्या खजिन्यात.

हमी म्हणजे काय?

ज्या वर्षी वऱ्हाड इंग्रजांकडे गेला, त्याच वर्षी, १६ एप्रिल १८५३ रोजी, मुंबईत बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली. त्या गाडीमागे जी आर्थिक व्यवस्था होती, ती समजून घेतल्याखेरीज पुढचा इतिहास उलगडत नाही.

आगगाडीसाठी लागणारे भांडवल इंग्लंडमधील भागधारकांकडून यावयाचे होते. दूरदेशी, अनोळखी मुलखात पैसा घालण्यास ते धजेनात. म्हणून १८४९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने ईस्ट इंडियन आणि ग्रेट इंडियन पेनिन्सुला या दोन रेल्वे कंपन्यांशी करार केले. जमीन फुकट द्यावयाची आणि भांडवलावर दरसाल शेकडा ५ व्याजाची हमी द्यावयाची. साध्या हिशेबाने सांगावयाचे, तर भागधारकाने शंभर रुपये घातले आणि गाडीला तीनच रुपये नफा झाला, तर उरलेले दोन रुपये सरकारी तिजोरीतून भरावयाचे. गाडीला काहीच मिळाले नाही, तर पाचही रुपये तिजोरीचे. नफा झाला तर भागधारकाचा आणि तोटा आला तर हिंदुस्थानच्या रयतेचा, असा हा व्यवहार होता. खर्च वाढला तरी कंपनीला त्याची झळ लागत नसे, म्हणून काटकसरीची निकडही उरली नाही. दादाभाई नौरोजींनी आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकातून लिहिणाऱ्या गणेश व्यंकटेश जोशी यांनी या साऱ्या अर्थव्यवहाराची परखड चिकित्सा केली.

वऱ्हाडला आगगाडीची ओढ लागली ती कापसामुळे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तेथील कापूस बंद पडला आणि मँचेस्टर परिसरातील गिरण्यांची नजर वऱ्हाडकडे वळली. १८६७ मध्ये लोहमार्ग वऱ्हाडातून जाऊन नागपूरला पोहोचला. खामगाव आणि अमरावती या कापसाच्या पेठा पुढे मुख्य मार्गाला फाट्यांनी जोडल्या गेल्या. रुईच्या गाठी मुंबई बंदराकडे जाऊ लागल्या.

पलीकडे निजामाच्या उरलेल्या राज्यातही हीच हमी जाऊन पोहोचली. वाडीहून हैदराबाद-सिकंदराबादला जाणारा मार्ग निजाम सरकारच्या पैशाने बांधला गेला आणि १८७४ मध्ये खुला झाला. १८८३ मध्ये तो लंडनमध्ये स्थापन झालेल्या कंपनीकडे देण्यात आला. या कंपनीच्या भांडवलावर निजाम सरकारने २० वर्षे शेकडा ५ व्याजाची हमी दिली. कंपनीच्या नावातच ‘गॅरंटीड’ हा शब्द होता. आपल्या मराठवाड्यातील औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड या गावांना जोडणारा मनमाडपर्यंतचा मार्ग शतकाच्या वळणावर याच कंपनीने चालू केला. १९३० मध्ये निजाम सरकारने ती रेल्वे विकत घेतली, तेव्हा कोठे ती राज्याच्या मालकीची झाली.

निजामाने ही हमी बुडविली नाही. तशी त्याची प्राज्ञाही नव्हती. सैन्याचा पगार थकला तेव्हा काय झाले, हे वऱ्हाडच्या रूपाने त्याच्या डोळ्यांसमोर होते. हमीच्या कागदावर अशा वेळी तलवारीचा उल्लेख करावा लागत नाही. तो दोघांनाही ठाऊक असतो.

पोर्तुगालचे दोन लोहमार्ग

निजाम हा मांडलिक होता. परंतु देणेदार सरकार नावाने तरी स्वतंत्र असेल तर काय होते? यासाठी आपल्या शेजारच्या गोव्याकडे पाहिले पाहिजे.

१८७८ च्या डिसेंबरात इंग्लंड आणि पोर्तुगाल यांच्यात गोव्याविषयी तह झाला. गोव्यातील जकात व मिठाची व्यवस्था ब्रिटिश हिंदुस्थानशी जोडली गेली. त्याबदल्यात पोर्तुगीज सरकारला दरसाल चार लाख रुपये मिळू लागले. मुरगाव बंदर आणि तेथून घाटावर जाणारा लोहमार्ग हे या तहाचे मोठे अंग होते. १८८१ मध्ये लंडनमध्ये कंपनी स्थापन झाली. तिचेही नाव ‘वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज गॅरंटीड रेल्वे’ असेच होते. व्याजाची हमी लिस्बनच्या सरकारने दिली होती. १८८७ मध्ये मुरगावहून सावर्डेपर्यंत गाडी सुरू झाली आणि १८८८ मध्ये मार्ग घाट चढून कॅसलरॉकला मिळाला. तह मात्र १२ वर्षांची मुदत भरून १८९२ मध्ये संपुष्टात आला. मिठागरांवर जगणाऱ्या गोवेकरांनी त्या काळात सोसलेले हाल आजही गोव्याच्या इतिहासात नमूद आहेत. हमीचा भार मात्र तह संपला म्हणून संपला नाही.

याच पोर्तुगालचा दुसरा लोहमार्ग आफ्रिकेत होता. मोझांबिकचा कारभार १७५२ पर्यंत गोव्यातून चालत असे, म्हणून तो प्रांत आपल्याकडील घराण्यांना अगदीच परका नाही. तेथील लॉरेन्सो मार्किस बंदरापासून, म्हणजे आजच्या मापुतोपासून, ट्रान्सवालच्या सरहद्दीपर्यंत लोहमार्ग बांधण्याचा परवाना पोर्तुगीज सरकारने १८८३ मध्ये एडवर्ड मॅकमर्डो या अमेरिकन गृहस्थाला दिला. ट्रान्सवालच्या बोअर सरकारला इंग्रजांच्या ताब्यात नसलेली समुद्राची वाट हवी होती, त्यामुळे या लहानशा मार्गाला राजकारणात फार मोठे मोल आले. १८८७ मध्ये लंडनमध्ये कंपनी निघाली व तिच्यामार्फत इंग्रज भागधारकांचा पैसा आला. सरहद्द नेमकी कोठे धरावयाची आणि उरलेला तुकडा किती मुदतीत बांधावयाचा, यावरून वाद पेटला. मुदतीत काम पुरे झाले नाही असे म्हणून जून १८८९ मध्ये पोर्तुगीज सरकारने परवाना रद्द केला आणि लोहमार्ग ताब्यात घेतला. मॅकमर्डो त्याआधी थोडेच दिवस निवर्तला होता.

आता पाहा, भागधारकांच्या मागे कोण उभे राहिले! कंपनी इंग्रज म्हणून लंडन सरकारने आणि मॅकमर्डोची विधवा अमेरिकन म्हणून वॉशिंग्टन सरकारने लिस्बनकडे निषेध नोंदविला व भरपाई मागितली. त्याच सुमारास, ११ जानेवारी १८९० रोजी, आफ्रिकेतील दुसऱ्याच प्रदेशावरून इंग्लंडने पोर्तुगालला निर्वाणीचा खलिता दिला आणि पोर्तुगालला माघार घ्यावी लागली. अशा अवस्थेत लोहमार्गाच्या प्रश्नावर ताठ राहणे त्या सरकारला शक्य नव्हते. १८९१ मध्ये प्रकरण लवादाकडे सोपविण्याचे ठरले. तीन स्विस कायदेपंडित पंच नेमले गेले. निकाल मार्च १९०० मध्ये लागला. पोर्तुगालने १,५३,१४,००० स्विस फ्रँक आणि त्यावर जून १८८९ पासून शेकडा ५ प्रमाणे व्याज द्यावे, असा तो निकाल होता. पावणेअकरा वर्षांचे ते व्याजच मूळ रकमेच्या निम्म्याहून अधिक भरले. मधल्या काळात, १८९२ मध्ये, पोर्तुगालने आपल्या परकीय कर्जावरील व्याज कमी करून अंशतः दिवाळखोरी पत्करली होती.

या निकालात न्याय नव्हता, असे म्हणता येणार नाही. बांधलेली मालमत्ता सरकारने घेतली तर मोबदला द्यावा, हे तत्त्व योग्यच आहे. प्रश्न एवढाच की, ज्या आफ्रिकन मजुरांनी तो मार्ग खणला, त्यांच्या वतीने कोणत्याही राजधानीतून खलिता निघाला नाही.

आरमार घेऊन आलेले सावकार

लवाद हा तुलनेने सभ्य मार्ग होता. दक्षिण अमेरिकेतील व्हेनेझुएलाला तोही लाभला नाही. जर्मन भांडवलाने तेथे काराकास ते व्हॅलेन्सिया हा डोंगराळ लोहमार्ग बांधला होता. तो १८९४ मध्ये पुरा झाला. व्हेनेझुएला सरकारने शेकडा ७ व्याजाची हमी दिली होती आणि ती थकली. इंग्रज व इटालियन नागरिकांचीही देणी होती. त्यांत यादवीत झालेल्या नुकसानीचे दावे मिसळले. डिसेंबर १९०२ मध्ये इंग्लंड, जर्मनी आणि इटली यांच्या युद्धनौका येऊन ठेपल्या, व्हेनेझुएलाची लहानसहान गलबते त्यांनी धरली आणि बंदरांची नाकेबंदी केली. फेब्रुवारी १९०३ मध्ये तडजोड झाली. दोन मुख्य बंदरांच्या जकातीतील शेकडा ३० हिस्सा देणी फेडण्याकडे वळविण्यात आला. पुढे १९०४ मध्ये हेगच्या लवादाने निर्णय दिला की, ज्यांनी नाकेबंदी केली त्यांची देणी आधी फेडावीत. ज्यांनी शांतपणे वाट पाहिली, ते मागे राहिले!

अर्जेंटिनाचे परराष्ट्रमंत्री लुईस मारिया द्रागो यांनी नाकेबंदी चालू असतानाच, २९ डिसेंबर १९०२ रोजी, वॉशिंग्टनला पत्र धाडून एक विचार मांडला. राष्ट्राने आपले कर्ज मान्य करावे, परंतु ते वसूल करण्यासाठी शस्त्रबळ वापरणे आणि भूमी बळकावणे गैर आहे. धनकोला व्यवहार करताना ऋणकोची पत माहीत असते. तो धोका ओळखूनच चढे व्याज लावतो. १९०७ च्या हेग परिषदेत हा विचार, काही अटी घालून का होईना, आंतरराष्ट्रीय करारात उतरला. कराराच्या कर्जासाठी आधी लवादाचा मार्ग चोखाळावा आणि तो नाकारल्याखेरीज शस्त्र उचलू नये, असे ठरले. वऱ्हाडचा तह होऊन तेव्हा ५४ वर्षे लोटली होती.

पुन्हा वऱ्हाडात

आता शकुंतलेकडे वळू. मुंबईच्या किलिक निक्सन पेढीने १९१० मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली. मूर्तिजापूर हे मुख्य मार्गावरील स्थानक मध्ये धरून एका बाजूला अचलपूर आणि दुसऱ्या बाजूला यवतमाळ, असा सुमारे १९० किलोमीटरचा हा नॅरोगेज मार्ग होता. गाडी कंपनीने स्वतः चालविली नाही. ते काम ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेकडे आणि नंतर मध्य रेल्वेकडे राहिले. त्या काळी अशा फाट्यांच्या कंपन्यांना सरकारी अटींप्रमाणे फुकट जमीन आणि एक तर व्याजाची हमी, नाही तर मुख्य मार्गाच्या वाढत्या उत्पन्नातील हिस्सा मिळत असे. जुनी हमीच धाकट्या रूपात खेड्यापाड्यांत आली, असे म्हणावयास हरकत नाही.

स्वातंत्र्यानंतर मोठ्या रेल्वे राष्ट्राच्या झाल्या. हा मार्ग मात्र कंपनीकडेच राहिला आणि ठरावीक मुदतीने कराराचे नूतनीकरण होत गेले. पेढीची मालकीही कालांतराने भारतीय हातांत गेली. त्यामुळे ‘अजून इंग्रजांना पैसे जातात’ हे लोकांचे म्हणणे शब्दशः खरे नव्हते. तरीही ते लोकांच्या मनात का रुजले, हे समजण्यासारखे आहे. वऱ्हाडने इतकी गहाणखते पाहिली होती की, आणखी एक असण्याचे त्याला नवल वाटले नाही. १९२१ मध्ये मँचेस्टरला तयार झालेले वाफेचे इंजिन १९२३ पासून या मार्गावर धावत होते. ते १५ एप्रिल १९९४ रोजी निवृत्त झाले आणि डिझेल इंजिन आले. पण रुळांची दुरवस्था वाढत गेली. कंपनीचे देणे आणि मार्गाची डागडुजी हे प्रश्न रेंगाळले, गाडी मंदावली आणि अखेर थांबली.

येथे आपल्या प्रश्नाचे आणखी एक उत्तर मिळते. या वेळी सरकार आपले, कंपनीही आपल्याच देशातील. कोठून युद्धनौका आली नाही, कोणी निर्वाणीचा खलिता दिला नाही, स्वित्झर्लंडचे पंच बसले नाहीत. परंतु बोरी अरब परिसरातील ज्या माणसाला थोड्या पैशांत दारव्ह्याला किंवा यवतमाळला जावयाचे होते, तो मात्र गाडीला मुकला. सावकार बलवान असता तर रयतेच्या डोक्यावर कर वाढला असता. सावकार दुबळा होता म्हणून रूळ गंजले. दोन्ही वेळा झळ पोहोचली ती ज्याने सही केली नव्हती त्याला.

परकीय भांडवल वाईटच, असा निष्कर्ष यातून मी काढू इच्छीत नाही. मुरगावचा घाट, मनमाड-नांदेडचा मार्ग, वऱ्हाडची आगगाडी यांनी लोकांची सोय केली, शिक्षणाला आणि नोकरीला वाट करून दिली. दिलेला शब्द पाळावा, हेही तितकेच खरे. परंतु प्रत्येक लोहमार्गात दोन शब्द दिलेले असतात. एक भागधारकाला, की तुझे व्याज वेळेवर मिळेल. दुसरा त्या मुलखातील माणसांना, की तुमची जमीन घेतो आहोत, तुमचा कर घेतो आहोत, त्याबदल्यात ही गाडी तुमच्या उपयोगी पडेल. पहिल्या शब्दाला करारपत्र असते, व्याजाचा दर असतो, वकील असतात, प्रसंगी आरमार असते. दुसरा शब्द बहुधा तोंडीच राहतो.

२८ फेब्रुवारी २०२४ रोजी वर्धा-यवतमाळ-नांदेड या ब्रॉडगेज मार्गाचा वर्ध्यापासून कळंबपर्यंतचा टप्पा खुला झाला. हा मार्ग पुढे यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद असा नांदेडला जाण्यासाठी आखलेला आहे. तो राष्ट्राच्या व राज्याच्या पैशाने, म्हणजे आपल्या सर्वांच्या करांतून उभा राहत आहे. येथे व्याजाची हमी मागणारा लंडनचा भागधारक नाही. जमीन देणारा शेतकरी आणि उद्या तिकीट काढणारा प्रवासी, हेच त्याचे खरे भागधारक आहेत. त्यांना दिलेला शब्दही लेखी असावा, त्यालाही मुदत असावी, आणि ती टळली तर विचारणा करण्याची जागा त्यांना ठाऊक असावी. वऱ्हाडच्या मागच्या पिढ्यांना विचारणा करण्यासाठी जागाच नव्हती. आजच्या पिढीला ग्रामसभा आहे, न्यायालय आहे, मताचा अधिकार आहे. या साधनांचा उपयोग आपण शांतपणे, चिकाटीने आणि एकोप्याने केला, तर हमी या शब्दाला या भूमीत प्रथमच तिच्या लेकरांच्या बाजूने अर्थ येईल.